बेटावरचा जानोसा

टोकोरोआ, न्यूझीलंड
४ मार्च १९८४

ती. आत्याबाईस,
गुलाबचा साष्टांग नमस्कार.

तुझा पासपोर्ट मागच्या वर्षीपासून कपाटात पडून आहे. या डिसेंबरात तो बाहेर काढायचा. मला नाताळात मोठी सुटी आहे. तू आधी माझ्याकडे ये आणि मग आपण दोघं रारोटोंगा नावाच्या बेटावर जाऊ. ऑकलंडहून विमानानं चार तास लागतात. बेट एवढंसं आहे, मोटारीनं तासाभरात फेरी पुरी होते. मधे हिरवे डोंगर, काठाला उथळ निळं पाणी, आणि त्याच्या पलीकडे पोवळ्यांचा बांध. समुद्र त्या बांधावरच फुटतो, आत येत नाही. तुला पोहता येत नसलं तरी गुडघाभर पाण्यात लांबवर चालता येईल.

राहायच्या तीन जागांची माहितीपत्रकं सोबत पाठवतो. एक मोठं हॉटेल आहे, एक समुद्रकाठचे बंगलो आहेत आणि एक साधं गेस्टहाउस. मी निवडलं तर तू नावं ठेवशील, म्हणून तूच निवड. तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे.

एक गंमत सांगतो. ऑकलंडहून शनिवारी निघालं की तिथे आपण शुक्रवारी पोहोचतो, कारण वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते.

तिकिटाची व्यवस्था मी करतो. नाही म्हणू नकोस.

तुझा,
गुलाब

*

पवनी, जि. भंडारा
२९ मार्च १९८४

चि. गुलाब यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. पत्रकं तिन्ही वाचली, दोनदा वाचली, आणि तिन्ही नापसंत आहेत.

पहिल्या हॉटेलात जेवायच्या खोलीपेक्षा दारू प्यायची खोली मोठी आहे, हे त्यांच्याच नकाशावर दिसतं. शिवाय 'लक्झुरियस' या शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं आहे. तो शब्द मदर बर्नाडेटनं आम्हाला हातावर पट्टी मारून शिकवला होता. ज्यांना स्वतःची बढाई नीट लिहिता येत नाही ते चादरी नीट धूत असतील यावर माझा विश्वास नाही.

दुसरे ते बंगलो. भंडाऱ्याचा डाकबंगला मी पाहिलेला आहे, त्यामुळे बंगला कशाला म्हणतात हे मला ठाऊक आहे. ही झोपडी आहे. वर झावळ्यांचं छप्पर आहे! घरावरचं तणस उतरवून कवेलू चढावेत म्हणून माझ्या वडिलांनी तुमसरकडच्या खाणीत जन्मभर कारकुनी केली. आणि तू मला विमानात बसवून पुन्हा छपराखाली नेणार, वर म्हणणार की मजा कर. छपरातून विंचू पडतात. तिकडचे विंचू सुटीवर जात असतील तर कळव.

तिसऱ्या ठिकाणी म्हणे 'घरच्यासारखं वातावरण' आहे. सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच न्हाणीघर आहे, ते त्यांनी खाली बारीक अक्षरात छापलं आहे. तिन्ही पत्रकांत बेटाला 'अनस्पॉइल्ट' म्हटलंय. म्हणजे आजवर कोणी बिघडवलेलं नाही, तेवढं काम आपण जाऊन करायचं.

पाण्याचं म्हणशील तर पवनीत बालसमुद्र तलाव आहे. मला समुद्राची एवढी हौस असती तर मी रोज संध्याकाळी त्याच्या काठानं फिरले असते. फिरत नाही, कारण डास चावतात.

खरी गोष्ट वेगळीच आहे. परगावी गेलेलं माणूस हॉटेलात उतरतं का? दिवाळीनंतर मोहाडीकडे मंडईची जत्रा भरते तेव्हा एकेका घरी वीस-वीस पाहुणे असतात, ओसरीवर, अंगणात, जिथे जागा मिळेल तिथे निजतात. "कोणाकडे उतरलात?" हा आपल्याकडे पहिला प्रश्न असतो. कौशल्याबाईला मी पत्रकातली चित्रं दाखवली. ती भांडी घासायची थांबली आणि म्हणाली, "बाई, तुमी हाटेलात काहून उतरता? तिथं पाय धुवाले पानी कोन देईन?" मी म्हटलं, नळ असतो. तर म्हणते, "नळ पानी देते, पन या बसा म्हनते का?" याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर लिही.

आता मुख्य विषय. तुमसरच्या गोपीचंदजींच्या मुलीचा, रत्नाचा, फोटो मी दिवाळीत पाठवला होता. बी.एस्सी. झाली आहे, घर चांगलं आहे, आणि ती लोक बोलत असताना मधे बोलत नाही, हा गुण आपल्या घराण्यात कोणात नाही. गोपीचंदजींना मी शब्द दिलाय की डिसेंबरपर्यंत पक्कं उत्तर देईन. तू आता बत्तीस वर्षांचा आहेस. तुझे आईवडील गेले तेव्हापासून तुझा हो-नाही मीच ठरवत आले, एवढं एक तुझ्या तोंडून ऐकायचं राहिलंय. बेटावर येईन ती तेवढ्यासाठीच. होकार असेल तर होकार कळव, नकार असेल तर कारण लिही.

कागदाच्या कारखान्यातच नोकरी करायची तर इथे बल्लारपूर होतं, हे मी दरवेळी लिहिते आणि दरवेळी तू वाचत नाहीस.

तुझी आत्या,
निर्मला

*

टोकोरोआ
२३ एप्रिल १९८४

ती. आत्याबाईस सा. न.

तुझं पत्र जेवणाच्या सुटीत कारखान्यात वाचलं आणि एकटाच हसत बसलो. लोक बघत होते.

तुझी सगळी तक्रार लक्षात घेऊन चौथी जागा शोधली आहे. पत्रक सोबत आहे. वर पत्रा, आत स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतंत्र न्हाणीघर, आणि दारू नाही. तुला हवा तसा भात शिजवता येईल. बाजारात मासे चांगले मिळतात. मामा तेपोरा म्हणतात, डिसेंबरात वाऱ्याकडच्या बाजूची खोली घेऊ नये, पाऊस आडवा आत येतो. त्यांचा जन्म तिथेच गेला, म्हणून ही खोली मी आडोशाच्या बाजूची पाहिली आहे.

स्पेलिंग मी तपासलं. बरोबर आहे.

रत्नाचा फोटो पाहिला. मुलगी चांगली दिसते. त्याबद्दल समक्ष बोलू.

तुझा,
गुलाब

*

पवनी
२० मे १९८४

चि. गुलाब यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात कामाची एकच ओळ आहे आणि ती तू पावसाच्या निमित्तानं लिहून टाकलीस. मामा तेपोरा कोण?

तुझ्या आईला भाऊ नव्हता. जावळाच्या वेळी तुला मामाची मांडी मिळाली नाही, शेवटी देवळातल्या पुजाऱ्यानं मांडीवर घेतलं आणि तू त्याचं धोतर ओलं केलंस. लग्नात तुझ्या पाठीशी मामा म्हणून कोणाला उभं करायचं, हा घोर मला कित्येक वर्षं आहे. आणि तुला तिकडे मामा भेटले, तर ते सांगायचं सोडून तू मला खोलीची दिशा सांगतोस!

तेपोरा हे आडनाव मी ऐकलेलं नाही. तिकडे गुजराती दुकानदार पुष्कळ आहेत म्हणून तूच लिहिलं होतंस, त्यांच्यापैकी असतील. म्हातारे दिसतात. पाऊस कुठून येतो हे सांगणारा माणूस मला आवडतो. पत्रकात अशी गोष्ट छापत नाहीत.

तेव्हा राहायचा प्रश्न सुटला. आपण मामांकडे उतरू. बेटावर आपलं माणूस असताना दुसरीकडे उतरलो तर त्यांना काय वाटेल? मामींसाठी आंधळगावच्या कोशा रेशमाची साडी घेतली, पिवळी, लाल काठाची. मामांसाठी नागपुरी धोतरजोडी घेतली. त्यांचा पूर्ण पत्ता पाठव, मी त्यांना स्वतः लिहीन.

कौशल्याबाईला सांगितलं तर म्हणाली, "हे झालं मानसावानी." ती आता माझ्या प्रवासाला राजी आहे.

"समक्ष बोलू" हे उत्तर मी तीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळ मुलींच्या तोंडून ऐकलं. ज्यांनी गृहपाठ केलेला नसे त्या असं म्हणत.

तुझी आत्या,
निर्मला

*

टोकोरोआ
१७ जून १९८४

ती. आत्याबाईस सा. न.

मामांकडे उतरणं जमणार नाही. त्यांचं घर लहान आहे. नातवंडं आहेत, सारखी ये-जा असते. अंगणात डुकरं आहेत. समोरच चर्च आहे आणि रविवारी सकाळभर इतक्या जोरात गाणी म्हणतात की बोललेलं ऐकू येत नाही. तुला त्रास होईल.

मामी नाहीत. धोतर घेऊ नकोस.

पाचवं पत्रक पाठवतो. हे जरा डोंगराच्या बाजूला आहे, शांत आहे, मालकीणबाई निवृत्त शिक्षिका आहेत. तुझं जमेल.

कळव म्हणजे आरक्षण करतो.

तुझा,
गुलाब

*

पवनी
१२ जुलै १९८४

चि. गुलाब यास आशीर्वाद.

पाचवं पत्रक चुलीत घातलं. निवृत्त शिक्षिका एका घरात एकच पुरे.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. मामी नाहीत, म्हणजे मामा विधुर आहेत. त्यांच्या घरी आपल्या अविवाहित आत्यानं उतरू नये असं तुला वाटत असेल, तर मला हसावं की तुला विमानाच्या तिकिटाचे पैसे पाठवून बोलावून घ्यावं आणि कान पिळावा हे कळत नाही. मी बासष्ट वर्षांची आहे. नातवंडांनी भरलेल्या घरात एक म्हातारा माझं काय करणार?

डुकरांचं म्हणशील तर मी खाणार नाही, पण ती अंगणात हिंडली तर मला काही म्हणायचं नाही. पवनीच्या गल्लीतही हिंडतात. मासे मला चालतात, वैनगंगेच्या माशांवरच वाढले. चर्चच्या गाण्यांची भीती मला घालतोस? कामठीच्या कॉन्व्हेंटात दहा वर्षं रोज सकाळी चॅपलमध्ये उभी होते. अर्धी गाणी मला अजून पाठ आहेत. ती चुकीची म्हणत असतील तर दुरुस्त करीन.

म्हणजे तुझं एकही कारण टिकत नाही. त्यातून निघतं ते एवढंच की खरं कारण तू लिहिलेलं नाहीस. लहानपणी तू पाटी फुटल्याचं लपवायचास तेव्हा आधी शाळेला उशीर झाल्याचं सांगायचास, मग पाय दुखत असल्याचं, मग मास्तर आजारी असल्याचं. आता हॉटेलं सांगतोस. कौशल्याबाईला वाचता येत नाही, पण तुझी पाच पत्रकं ओळीनं पाहून ती म्हणाली, "पोरगा काहीतरी लपवून राह्यला, बाई. येवढे घरं कोनी उगाच नाही दाखवत."

मला त्या घरापासून लांब का ठेवतोस ते लिही. नाही लिहिलंस तर मी येत नाही, आणि गोपीचंदजींना तुझ्या वतीनं होकार देऊन टाकते.

निर्मला

*

टोकोरोआ
५ ऑगस्ट १९८४

ती. आत्या,

गोपीचंदजींना होकार देऊ नकोस.

मामा तेपोरा पुरुष नाहीत. त्या बेटावर वयस्क बाईला मामा म्हणतात, आपण आजी किंवा काकू म्हणतो तसं. मी तसंच लिहून गेलो. तू त्यांना आपला मामा समजलीस तेव्हा मी दुरुस्त करायला हवं होतं. केलं नाही, कारण एक दुरुस्त केलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

त्यांच्या मुलीचं नाव तेरे. ती इथे दवाखान्यात नर्स आहे. टोकोरोआच्या कारखान्यात त्या बेटांवरची पुष्कळ माणसं कामाला आहेत, तिचा भाऊ माझ्या पाळीत असतो. माझा हात यंत्रात सापडला होता ते तुला मी कधी लिहिलं नाही. आता बरा आहे. पट्टी तेरेनं बांधली. मी ओरडलो तर म्हणाली, मोठी मुलं बाहेर जाऊन ओरडतात, मग आत येतात. मला तू आठवलीस.

आमचं लग्न डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी आहे, त्यांच्या चर्चमध्ये. सुटी नाही, लग्नासाठीच जायचं आहे. माझं ठरलं होतं की तू पाहुणी म्हणून येशील, हॉटेलात आरामात राहशील, तेरेला दोन-तीनदा भेटशील, तुला ती आवडेल, आणि मग मी सांगेन. त्यांच्या घरी उतरली असतीस तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. घरात लग्नाची तयारी चालू असेल.

तेरे पहिल्यापासून म्हणत होती, आत्याला लिही. मामा तेपोरा तर रागावल्याच. त्या म्हणाल्या, तुझ्या माणसांना आमच्या घराची लाज वाटते का? मी नाही म्हटलं. मला तुझी भीती वाटत होती, हे त्यांना सांगणं त्याहून कठीण होतं.

लग्न मी करणार आहे. पण तू नसलीस तर माझ्या बाजूला कोणीच नाही.

त्यांचा पत्ता मागितला होतास. खाली लिहिला आहे.

गुलाब

*

टोकोरोआ
९ सप्टेंबर १९८४

ती. आत्या,

तुझं पत्र नाही. रोज पेटी बघतो.

हॉटेलाचं आरक्षण कुठेच केलेलं नाही. तू म्हणशील तिथे करीन. की येणार नाहीस? तेही लिही, पण लिही.

गुलाब

*

पवनी
३० सप्टेंबर १९८४

चि. गुलाब यास आशीर्वाद.

दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला, कारण आधी तुमसरला जायचं होतं आणि ते कोणावर सोपवण्यासारखं नव्हतं.

गोपीचंदजींना मी स्वतः जाऊन नकार सांगितला. त्यांनी ओसरीवर उभं राहूनच ऐकून घेतलं. पाय धुवायला पाणी आलं नाही. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मुलीचा बाप वर्षभर माझ्या शब्दावर थांबला होता. रत्ना आतून आली आणि मला फाटकापर्यंत पोचवून गेली. म्हणाली, "बाई, ऊन लई आहे, पदर घ्या डोक्यावर." ही मुलगी तू गमावलीस, एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं. पुन्हा लिहिणार नाही.

मला राग आला नाही असं समजू नकोस. सून आपल्यातली असती तर मला बरं वाटलं असतं. हे खरं आहे आणि खरं आहे ते मी खोडत नाही. पण माझा मोठा राग त्याचा नाही. लग्न ठरलं हे सांगायला तुला पाच महिने लागले आणि हॉटेलातली गादी मऊ आहे हे तू पहिल्याच टपालानं कळवलंस! मी तुझी कोण आहे? प्रवासी? तुझ्या लग्नाला मी पत्रक पाहून यायचं?

माझी भीती वाटते म्हणतोस. वाटायला पाहिजे. पण भीतीनं माणूस तोंड लपवतो, आत्याला हॉटेलात लपवत नाही. हाताचं तर तू लिहिलंही नाहीस. कोणता हात, ते कळव.

आता राहायचं.

मामा तेपोरांकडे मी उतरणार नाही. मागच्या पत्रात त्याच घरासाठी भांडले, आता नको म्हणते, म्हणून गोंधळू नकोस. तेव्हा ते मामाचं घर होतं. आता मुलीचं घर आहे आणि मी वरपक्ष आहे. लग्न लागेपर्यंत वरपक्ष मुलीच्या घरात मुक्काम करत नाही, आणि हॉटेलात तर मुळीच नाही. वरपक्षाला जानोसा देतात. तुला आठवत असेल, मोहाडीला वऱ्हाड गेलं की मुलीकडचे लोक शेजारचं एखादं घर रिकामं करून देत, झाडून, सारवून, पाणी भरून. तोच जानोसा. तिथून मुलीकडच्यांनी वाजतगाजत बोलावून न्यायचं, मगच वऱ्हाड हलतं. तो घरचा मान आहे आणि तो पत्रकात मिळत नाही.

वऱ्हाड म्हणजे मी एकटी. पण एका बाईचं असलं तरी वऱ्हाड ते वऱ्हाड.

हे सगळं मी तेपोराबाईंना परस्पर इंग्रजीत लिहिलं आहे. तुला मधे घेतलं नाही, तू मधे पडलास की मामा होतो. त्यांना मी हेही लिहिलं की त्यांच्या घराची लाज आमच्याकडे कोणाला वाटत नाही, आमच्याकडे फक्त एक मुलगा भित्रा निघाला. त्यांनी जानोसा दिला तर मी येते. नाही म्हणाल्या तर मला वाईट वाटेल, पण पाहुणी म्हणून मी येणार नाही.

चर्चमध्ये तू गुडघे टेकलेस तरी मला चालेल. मीही टेकत होते, मदर बर्नाडेट पाहत असे तोवर. अक्षता मात्र मी नेणार, आपल्या चिन्नोर तांदळाच्या.

साडी आहेच. मामी नसली तरी विहीण आहे. धोतरजोडी तूच नेस.

तुझी आत्या,
निर्मला

*

(हे पत्र मूळ इंग्रजीत आहे. कौशल्याबाईला वाचून दाखवण्यासाठी मी त्याचं मराठी केलं. अक्षर पाहून मी दचकलेच. उजवीकडे झुकलेलं, शेपट्या बेताच्या. विचारायची गरजच नव्हती, ही बाई नन्सच्या हाताखाली शिकलेली आहे. — निर्मला)

रारोटोंगा
२८ ऑक्टोबर १९८४

प्रिय मिस निर्मला,

तुमचं पत्र मी घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. "फक्त एक मुलगा भित्रा निघाला" हे वाक्य मुलांच्या आग्रहावरून दोनदा वाचलं. गुलाब इथे आला की त्याला ते पुन्हा ऐकावं लागेल.

तुमची पद्धत मला लगेच समजली. आमच्याकडेही दुसऱ्या बेटावरून माणसं आली की त्यांना घर देतात आणि गाणी म्हणत जेवायला घेऊन येतात. हॉटेलं परक्यांसाठी बांधली आहेत. माझा एक पुतण्या हॉटेलात काम करतो. तो म्हणतो, तिथे लोक पैसे देऊन एकटे बसतात.

माझ्या घराशेजारी माझ्या दिराचं घर आहे. तो मुलांना घेऊन आमच्याकडे येईल आणि ते घर तुमचं होईल. मधे फक्त पपईची झाडं आहेत, त्यामुळे तुम्ही माझ्या घरात नसाल, पण मी हाक मारली तर ऐकू जाईल. एक गोष्ट आधी सांगते, कारण गुलाबनं तुमच्या पहिल्या पत्रातला काही भाग तेरेला सांगितला होता. त्या घरावर झावळ्यांचं छप्पर आहे. माझ्या घरावर पत्रा आहे, पण डिसेंबरात पत्र्याखाली पाव भाजतात. छप्पर या महिन्यात नवं करून घेतो. आमच्याकडे विंचू नाहीत. गोम आहे, पण ती स्वतःहून भांडायला येत नाही.

तुम्ही लिहिलंत की आम्ही वाद्यं घेऊन तुम्हाला बोलवायला यायचं. ढोल आहेत. मला एवढंच सांगा, आम्ही आलो की तुम्ही लगेच बाहेर येता का? दिराला त्याप्रमाणे मुलांना सांगावं लागेल.

तुमची,
तेपोरा

*

रारोटोंगा
२३ डिसेंबर १९८४

कौशल्याबाईस आशीर्वाद.

हे पत्र पोस्टमन श्रावण तुला वाचून दाखवील. श्रावण, सावकाश वाच आणि मधे स्वतःचं घालू नकोस.

मी सुखरूप पोहोचले. ऑकलंडला शनिवारी विमानात बसले आणि इथे उतरले तर शुक्रवार होता. मी विमानातल्या बाईला दोनदा विचारलं. इथल्या पंचांगाचं काय करायचं ते मी सोडून दिलं आहे. न्यूझीलंडमध्ये उतरले तेव्हा विमानतळावरच्या तपासनीसानं माझे चिन्नोरचे तांदूळ काढून घेतले होते. मी म्हटलं, अक्षता आहेत. तो म्हणाला, बी आहे. मी म्हटलं, लग्नात टाकायचे आहेत. तो म्हणाला, टाकलं की उगवतं. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तेपोराबाईंनी इथल्या दुकानातून तांदूळ आणून ठेवले आहेत, हळद मी सोबत आणली होती ती वाचली. साडी मी त्यांना कालच दिली. शनिवारी नेसणार म्हणाल्या, नेसवायला मला बोलावलं आहे.

गुलाबचा हात पाहिला. डावा होता. बोटं सगळी हलतात. पट्टी बांधणाऱ्या मुलीला मी विचारलं, हा ओरडला तेव्हा तू त्याला काय म्हणालीस? तिनं तेच सांगितलं जे त्यानं लिहिलं होतं, म्हणजे निदान तेवढं खरं होतं. मुलगी उंच आहे, धिप्पाड आहे, मोठ्यानं हसते. लोक बोलत असताना मधे बोलते. आपल्या घराण्यात खपून जाईल.

जानोसा चांगला आहे. छपराची झावळी नवी आहे, अजून हिरवा वास येतो. पहिल्या रात्री मी कंदील वर धरून छप्पर तपासलं, काही सापडलं नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं, मला गुलाबला लिहिता आलं असतं. तो आता इथेच जानोशात शेजारच्या खोलीत आहे, त्यामुळे बोलूनच दाखवलं असतं. डुकरं आहेत. त्यातलं एक माझ्या दाराशी येऊन बसतं, हाकललं तरी जात नाही, आपल्या गल्लीतल्या सुखरामच्या कुत्र्यासारखं.

शनिवारी हे लोक ढोल घेऊन मला बोलवायला येतील. लगेच बाहेर यायचं का, असं तेपोराबाईंनी विचारलं होतं. मी लिहिलं, नाही. वरपक्ष आधी रुसतो, मग मुलीकडच्यांनी समजूत घालायची. काल त्या पपईच्या झाडापलीकडून ओरडून विचारत होत्या, किती वेळ रुसणार ते सांगा, जेवण जमिनीतल्या खड्ड्यात भाजायला घालायचं आहे. मी म्हटलं, ते आधी सांगत नाहीत. त्या म्हणाल्या, मग मी चटई घेऊन येईन आणि तुमच्याबरोबर बसेन, आपण दोघी मिळून रुसू. विहिणीनं असं करायचं नसतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. विमानतळावरून आणलं तेव्हा या घराच्या पायरीशी पाण्यानं भरलेली बादली होती, तिच्यावर नारळाची करवंटी. तेपोराबाईंनी करवंटीनं माझ्या पायांवर पाणी घातलं आणि म्हणाल्या, या, बसा. इथे वाळू फार, घरात येऊ नये म्हणून प्रत्येक दारात बादली ठेवतात, असं गुलाब नंतर सांगत होता. मी त्याला म्हटलं, तू गप्प बस.

निर्मला